हुरड्याची सोयरीक

विहीणबाई,

परवा तुमच्या तेराव्याला करमाडच्या शेतात माणूस मावत नव्हतं. मी बोरीच्या सावलीला बसले होते. तुमचा संदीप वाटेवर उभा राहून येणाऱ्याला हात जोडत होता आणि विचारत होता, "आपण कुठले?" कुणी म्हणे, आम्ही मावशींच्या माहेरचे, अजिंठ्याचे. कुणी म्हणे, आमची आत्या आणि त्या एका गावच्या. पार वाळूजहून आलेलं एक जोडपं तर म्हणालं, "आम्ही त्यांच्या भावकीतले." संदीप बुचकळ्यात पडला होता. सारखा माझ्याकडं बघायचा, हे कोण म्हणून. मला मात्र त्यातली बरीच तोंडं ओळखीची होती. ती माणसं तुमची कुणीच नव्हती हो. ती हुरडा खायला आलेली गिऱ्हाइकं होती. तुम्ही हुरडा भाजायच्या आगटीजवळून ओरडायचात, "इहिणबाई, त्यायला सोडा, माझ्या माहेरचे हायत ते!" आणि मी फाटकाशी पैसे घ्यायला टेबल टाकून बसलेली, कपाळाला हात लावायची.

तेराव्याला हसू येणं बरं नाही. पण आलं. पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय. तिनं पाठीवरून हात फिरवला, आणि मग खरंच रडू आलं.

मेधा म्हणाली, आई, तू अत्यांवर काही तरी लिही. माझी मुलगी तुम्हाला आत्याबाई म्हणायची नाही, 'अत्या' म्हणायची, तुमच्याच पद्धतीनं. काय लिहू? जन्मतारीख तुम्हाला नव्हती. निजामावर पोलिस ॲक्शन झाली तेव्हा तुम्ही रांगत होतात, एवढंच तुमच्या आईनं सांगितलेलं. शाळा दुसरीपर्यंत. बाकी सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा आपल्या दोघींचं जे आहे तेवढंच लिहिते. तुमच्याशी बोलायची सवय लागली आहे, ती एकदम कशी सुटणार?

तुम्ही पहिल्यांदा पुंडलिकनगरला आमच्या घरी आलात तो दिवस आठवतो. मेधानं आणि संदीपनं रजिस्टर लग्न करून पंधरवडासुद्धा झाला नव्हता. दोघं शेंद्र्याला एकाच कारखान्यात, एकाच विभागात. आम्हाला त्याचा पत्ता लागला तोवर त्यांचं ठरलेलं होतं. आमच्याकडं हे कोर्टात पेशकार म्हणून निवृत्त झालेले, घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी, वर सोवळंओवळं. ह्यांनी लेकीशी बोलणं टाकलं होतं. मी दोघांच्या मधे, धड इकडं ना तिकडं. आणि दारात तुम्ही. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात भलीमोठी पिशवी, तिच्यातून हरभऱ्याचा डहाळा बाहेर आलेला.

मी पाणी दिलं. चहा ठेवते म्हणलं तर तुम्ही हातानंच नको म्हणालात. पिशवीतली वांगी, शेंगा, डहाळा सगळं फरशीवर मांडलंत आणि बोललात ते आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या ह्यांनाच ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"बगा इहिणबाई, लेकरायनी केलं ते केलं. आता तुम्ही आमच्याकडं जेवायला या म्हणलं तर तुम्हाला अडचण. म्या तुमच्याकडं जेवले तर तुमच्या घरात अडचण. मानपान, देणंघेणं, ते बी ऱ्हाऊ द्या. पण हुरड्याला कुणी नाय म्हणत नसतं. रविवारी करमाडला या."

एवढं बोलून उठलात. पेपर वाचणाऱ्यानं पान उलटल्याचा आवाज आला.

तुमचं गणित बरोबर होतं. हुरड्याला ताट नाही, पंगत नाही, कुणाच्या चुलीचा प्रश्न नाही. उघड्या रानात बसायचं, गोवऱ्यांच्या आरात भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि तोंडात टाकायचं. सोवळ्यातल्या माणसालासुद्धा त्यात खोट काढता येत नाही. शनिवारी संध्याकाळी हे आपणहून म्हणाले, "हुरड्याला जायला काय हरकत आहे? हुरडाच तर आहे."

तिथं गेल्यावर हे बोरीखाली पाठ टेकून बसले. मेधा समोर, संदीप तिच्याशेजारी, कुणी कुणाकडं बघेना. तुम्ही आगटीशी बसून कणसं उलटत होतात. मधेच ह्यांना म्हणालात, "अण्णा, तुम्ही कोर्टात व्हता ना? उर्दू येतं का?" ह्यांना येत होतं. ह्यांच्या वडिलांची अख्खी नोकरी निजामाच्या कचेरीत गेली, त्यांनी पोराला घरीच शिकवलेलं. तुम्ही घरातून फडक्यात बांधलेला रानाचा एक जुना कागद आणवलात. सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचा. "इतकी वर्सं झाली, कुणी वाचून दाखवला नाय. काय हाय त्यात?"

ह्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हात धरला आणि वाचायला लागले. त्यात काहीच विशेष नव्हतं. पूर्वेला नाला, पश्चिमेला गाडीवाट, उत्तरेला अमक्याचं रान, दक्षिणेला सरकारी बाभळी. पण हे वाचत गेले तसं तुम्ही आणि संदीप उठून त्या त्या दिशेला बघत होतात. नाला होता. गाडीवाटेचा डांबरी रस्ता झाला होता. बाभळी गेल्या होत्या, तिथं कारखान्याची भिंत आली होती. हे सगळं दाखवत दाखवत संदीप ह्यांच्याबरोबर बांधावरून चालत गेला आणि परत आले तेव्हा दोघं बोलत होते. येताना ह्यांनी मेधाला विचारलं, "ताक आहे का गं?" झालं. लेकीशी बोलणं सुरू झालं ते ताकापासून.

म्हणून तर, विहीणबाई, मी जेव्हा हुरडा विकायचं काढलं तेव्हा तुम्ही इतक्या भडकलात.

तेव्हा करमाडचं रूप पार पालटलं होतं. जालना रोडनं येताना दोन्ही बाजूंना नुसत्या पाट्या, एन.ए. प्लॉट, हप्त्यानं प्लॉट. तुमच्या शेताच्या तिन्ही अंगांनी चुन्याच्या रेघा पडल्या होत्या. कोरडवाहू रान, विहिरीचं पाणी संक्रांतीपर्यंत. संदीपचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो म्हणायचा, "माय, तू एकटी किती दिवस करशील? मला कारखान्यातून वेळ नाही. आपणही प्लॉट पाडू, तू आमच्याकडं राहायला ये." तुम्ही नुसती भांडी आपटायचात. आणि मी म्हणाले, "शहरातली माणसं हुरड्यासाठी कुठं कुठं जातात. शेंद्र्याचे कारखानेवाले आहेत, आमच्या कॉलनीतले आहेत. बोलवा त्यांना. पोटभर खाऊ घाला, पैसे घ्या. रान आपला खर्च आपण काढील."

तुमचा चेहरा मला अजून दिसतो.

"ज्या हुरड्यावर आपण सोयरे झालो, तो इकायचा? इहिणबाई, मास्तरीण हाव का वाणीण?"

मी म्हणलं, "प्लॉट विकण्यापेक्षा हुरडा विकलेला बरा." त्यावर तुम्ही उठून म्हशीला पाणी पाजायला निघून गेलात. पण पुढच्या दिवाळीनंतर निरोप आला, पाटी तेवढी लिहून द्या. म्हणजे तुम्ही हो म्हणालात, पण माझ्या तोंडावर म्हणाला नाहीत.

तुमची अट एकच, पैशाला तुम्ही हात लावणार नाही. तुम्ही आगटीशी, मी फाटकाशी. आणि तिथून सुरू झाली आपली रोजची कटकट. आलेल्या माणसाला तुम्ही बसायच्या आत विचारायचात, "कुठलं गाव तुमचं?" तो शहरातलं गल्लीचं नाव सांगायचा. "तसं नाय, मूळ गाव?" मग कुणी फुलंब्रीचा निघे, कुणी कन्नडचा, कुणाची आजी सिल्लोडकडची. एकदा नातं लागलं की संपलं. "इहिणबाई, ह्यायचे घेऊ नगा!" बशीरभाई, ज्यांच्या टेम्पोतून आपली भाजी आणि माणसं यायची, ते एकदा फाटकाशी येऊन मला हळूच म्हणाले, "बाई, अम्माकू जरा समझाओ ना. ऐसे तो पूरा जिल्हा इनका रिश्तेदार निकलेगा." मी म्हणलं, तुम्हीच समजवा. ते म्हणाले, "मैं? मैं तो खुद इनका भांजा हूं, मेरे कू बी फुकट खिलाते."

जिल्हा म्हणजे तुमच्या तोंडी शहर. "जिल्ह्याला गेले व्हते, जिल्ह्यात लई गर्दी." शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, लोक वाद घालत बसले, तुमचं मात्र काहीच अडलं नाही. तुम्ही आधीही जिल्ह्याला जात होतात, नंतरही जिल्ह्यालाच जात राहिलात.

मी नोकरीची सगळी वर्षं तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा भूगोल शिकवला. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला गोदावरी, मधे काळी जमीन. मुख्य पिकं ज्वारी, बाजरी, कापूस. मुलं नकाशात नदी निळी रंगवायची, डोंगर तपकिरी. दुष्काळाच्या एका वर्षी तुम्ही मला तो सगळा नकाशा बशीरभाईंच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसवून हिंडवून आणलात.

त्या साली पाऊस आलाच नाही. करमाडची ज्वारी घोट्याएवढी होऊन वाळली. मी म्हणलं, ज्यांनी दिवस ठरवलेत त्यांना फोन करून नाही सांगते. तुम्ही म्हणालात, "लोकायला या म्हणलंय. या म्हणून मग नाय म्हणायचं? जिल्हा एवढा मोठा हाय, कुठं तर हुरडा असंलच की."

आधी तुमच्या माहेरी गेलो. फुलंब्री मागं पडली, सिल्लोड गेलं, रस्त्याच्या कडेला मक्याची धाटं आणि कापसाच्या पऱ्हाट्या. अजिंठ्याला तुमचा धाकटा भाऊ घराबाहेर आला, पाया पडला. तुम्ही चहासुद्धा होऊ दिला नाहीत.

"ज्वारी कुठं हाय?"

"अक्का, ज्वारी आता कोण पेरतंय? मकेला गिऱ्हाईक हाय, कापसाला गिऱ्हाईक हाय. ज्वारीला नुसती पाखरं. राखणीला माणूस मिळत नाय."

"मग भाकरी कशाची खाता?"

"दुकानातून आणतो," तो म्हणाला, आणि तुम्ही भावाकडं असं बघितलंत की त्या बिचाऱ्यानं मान खाली घातली. परत निघताना त्यानं मक्याचं पोतं टेम्पोत टाकलं. तुम्ही घेतलंत, पण वाटभर "मका, मका" करत राहिलात.

त्याच दिवशी तुम्ही बशीरभाईंना टेम्पो घाटाच्या तोंडापर्यंत न्यायला लावलात. खाली सगळं मोकळं रान पसरलेलं. तुम्ही बोट करून सांगितलंत, "त्यो खाली खानदेशाचा मुलूख. माझं लग्न तिकडं ठरत व्हतं, केळीवाल्याकडं. बाप म्हणला, लेक घाट उतरायची नाय. मग करमाड." मी विचारलं, खाली उतरून कधी लेणी बघितली का. "नाय," तुम्ही म्हणालात. "ती कुठं पळून चालली?" सगळ्या जगातून माणसं येतात ती लेणी बघायला, आणि त्यांच्या डोक्यावर जन्मलेल्या बाईनं ती पाहिली नव्हती. मी म्हणलं, पुढच्या खेपेला जाऊ. ती खेप राहिली. मला त्याची हळहळ वाटते. तुम्हाला वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला, दौलताबाद, खुलताबाद. सीताफळांचा मोसम होऊन गेलेला, बागा निस्तेज. खुलताबादला बशीरभाई दर्ग्यात गेले तर तुम्हीही पाठोपाठ गेलात आणि बाहेर येऊन मला म्हणालात, "मागून ठिवलंय. बगू देतो का." वेरूळच्या पुढं एका शेतात ज्वारी दिसली, तुम्ही टेम्पो थांबवून पळतच गेलात आणि मान हलवत परत आलात. कणसात दाणाच नव्हता.

मग बिडकीनवरून पैठणकडं. मोसंबीच्या वाळलेल्या बागा लोक मुळापासून तोडत होते, तो आवाज टेम्पोत येत होता. पैठणच्या अलीकडं नाथसागराच्या काठाला वळलो तर पाणीच नाही. धरणाचा फुगवटा कुठल्या कुठं आत गेलेला. आणि उघड्या पडलेल्या त्या काळ्याभोर गाळात हिरवीगार ज्वारी उभी. कणसं दाण्यानं भरलेली, वाकलेली. बशीरभाईंनी ब्रेक दाबला. "अम्मा, मैं पहले दिनच बोला था ना, नाथसागर की तरफ चलो. आप सुनते कां किसीकी." तुम्ही ऐकायला टेम्पोत होतातच कुठं? तुम्ही ज्वारीत शिरला होतात.

मधे दगडांच्या एका चौथऱ्यावर एक म्हातारा गोफण घेऊन बसला होता. तुम्ही पदर सारखा केलात आणि विचारलंत, "तात्या, कुठलं गाव म्हणायचं हे?"

"गाव नाय," तो म्हणाला. "गाव धरणात गेलं. औंदा पाणी नाय म्हणून तुम्ही गावात उभ्या हाव. ह्यो देवळाचा चौथरा. तुम्ही हाव तिथं आमची गल्ली व्हती."

मी झटकन पाय मागं घेतला, उगीचच. मी नकाशात हा सगळा भाग मुलांकडून निळा रंगवून घेत होते.

म्हातारा सांगत होता, धरण झालं तेव्हा तो तरणाताठा होता. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली ती लांब, खडकाळ. "पाणी हटलं की येतो. आमचं रान आम्हाला वळखू येतं. पेरतो. पाणी आलं की परत जातो."

तुम्ही जवळचं कणीस वाकवून दाणा दाबून बघितलात. मग म्हणालात, "तात्या, हुरडा इकत मिळंल का?"

म्हाताऱ्याला ते लागलं. "हुरडा इकत्यात व्हय, बाई? बसा, खावा. लागंल तेवढा खावा. इकायचं नाव काढू नगा."

तुमचंच वाक्य. मी तुमच्याकडं बघितलं. मला वाटलं आता तुम्ही माझ्याकडं बघणार, 'ऐका!' म्हणणार. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. खाली बसलात, त्या चौथऱ्याच्या पायरीवर, आणि म्हणालात,

"म्या इकते, तात्या. माझ्या रानाच्या तीन बाजूंनी प्लाट पडलेत. नुसत्या पिकावर रान ऱ्हात नाय आता. ह्या माझ्या इहिणबाई, मास्तरीण हायत, ह्यायनी युक्ती काढली. लोकायला बोलवायचं, खाऊ घालायचं, पैसं घ्यायचं. तुमचं रान पाण्यात गेलं. माझं प्लाटात जाऊ नाय म्हणून इकते. लाज वाटती, पण इकते."

म्हातारा गोफणीच्या दोऱ्या बोटाला गुंडाळत राहिला. मग उठला, विळा घेतला.

"मग न्या. तुम्ही लोकायचं घ्या. म्या तुमचं घेणार नाय. आन्‌ शिमग्याला परत या, बी काढून ठिवतो. पुढल्या साली धरण भरलं की ह्ये रान नाय. बी तुमच्यात पेरा. बी तरी पाण्याच्या वर ऱ्हाईल."

त्या दिवशी आपण तिघं तिथंच बसून हुरडा खाल्ला. बशीरभाईंनी काटक्या गोळा केल्या. मी आयुष्यात एवढा गोड हुरडा खाल्ला नाही. आणि तुम्ही एका अनोळखी माणसापुढं 'ह्या माझ्या इहिणबाई' म्हणालात, माझी बाजू घेतलीत, ते मी मनात घोळवत होते. घरी तुम्ही कधी घेतली नव्हती. मला किती बरं वाटलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. टेम्पोत सांगावं असं वाटलं, तर तुम्ही घोरत होतात.

बरं झालं सांगितलं नाही, कारण पुढच्याच रविवारी तुम्ही सगळ्यावर पाणी ओतलंत. सकाळी सकाळी बशीरभाई कणसांनी भरलेला टेम्पो घेऊन आले, आगटी पेटली, फाटकाशी माणसं जमली आणि तुम्ही टेबलाजवळ येऊन उभ्या.

"आज कुणाचं घेऊ नगा."

"का?"

"फुकट आलेलं इकायचं नाय."

"डिझेल फुकट आलं का? बायका रोजानं लावल्यात, त्या फुकट आल्या?"

"ते मला म्हाईत नाय."

"अहो, परवा तात्यांना तर ठणकावून सांगितलंत, म्या इकते म्हणून!"

"ते तात्यायला सांगितलं," तुम्ही म्हणालात. "तुम्हाला नाय."

मी पैसे घेतले. तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत, माझ्या वाटचा हुरडा एका बाईच्या हाती पाठवलात. संध्याकाळी सगळे गेल्यावर स्वतः आलात, वांग्याचं भरीत आणि भाकरी घेऊन, आणि शेजारी बसून म्हणालात, "खा. वाळल्या हाव नुसत्या." मी खाल्लं. वाद तिथंच राहिला. दर हंगामात तो आपण पुन्हा काढायचो आणि तिथंच ठेवायचो. खरं तुमचं कुठलं, तात्यांना सांगितलेलं की मला सांगितलेलं? मला वाटतं, दोन्ही. पण हे तुमच्याकडून ऐकायला हवं होतं. तुम्ही कबूल केलं नसतंतच.

पुढच्या वर्षी धरण भरलं. पेपरात फोटो आला, सगळे दरवाजे उघडलेले. शहरातली माणसं गाड्या काढून पाणी बघायला गेली. तुम्ही फोटो बराच वेळ धरून बसला होतात. म्हणालात, "तात्याचं रान गेलं," आणि लगेच, "पण पाणी झालं बगा, लोकायला पाणी झालं." तोवर शिमग्याला आणलेलं त्यांचं बी तुमच्या रानात पेरून उगवलेलं होतं. तेव्हापासून करमाडला तेच.

ह्या वेळची पेरणीही तुम्ही उभ्या राहून करून घेतलीत. मग ताप, मग दवाखाना, आणि शेवटी तुम्ही आमच्या पुंडलिकनगरच्या घरात, मेधाच्याच खोलीत. ज्या घरात तुम्ही चहा घेतला नव्हता तिथं तुम्ही माझ्या हातचा भात खात होतात आणि मिठाला नावं ठेवत होतात. हे सकाळी तुम्हाला पेपर वाचून दाखवायचे. बाजारभाव वाचायला लागले की तुम्ही डोळे उघडायचात. मला रोज विचारायचात, राखणीला कोण बसलंय. मी म्हणायचे, आहे माणूस. "माणूस नाय, पोरगं बसवलंय तुम्ही. त्यो मोबाइल बगत बसतो, पाखरं खात्यात," असं म्हणून तुम्ही भिंतीकडं तोंड करायचात. त्रागा करायची ताकद होती तोवर मला भीती वाटत नव्हती. ज्या दुपारी तुम्ही विचारलं नाहीत त्या दुपारी मी मेधाला कारखान्यातून बोलावून घेतलं. ती वेळेत आली. संदीपही आला. तुमचा हात त्याच्या हातात होता. एवढं नीट सगळं झालं, की मला देवाकडं तक्रार करायला काही सापडत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी प्लॉटवाले आले होते. मला वाटलंच होतं येतील. चांगले कपडे, हळू आवाज, आधी तुमच्याबद्दल चार शब्द बोलले. मी आत स्वयंपाकघरात होते, हात थांबवून ऐकत होते. संदीप काय म्हणेल ह्याची मला खरंच खात्री नव्हती, विहीणबाई. पोरगा दमलेला आहे, मुलीचं कॉलेज तोंडावर आलंय, त्यानं विकलं असतं तरी मी त्याला बोल लावला नसता. तो म्हणाला, "ज्वारी उभी आहे. हंगाम होऊ द्या." त्यांनी विचारलं, म्हणजे हंगामानंतर येऊ? तो म्हणाला, "या की. हुरड्याला या. पण रानाचं बोलायला नको." मेधा माझ्याकडं बघत होती. तुमच्या लेकानं तुमच्याच आवाजात सांगितलं हो, भांडी तेवढी आपटली नाहीत.

पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही. ठिबक टाकायचं म्हणतो आहे तो. मेधा म्हणते, शनिवार-रविवार मी बघेन. बशीरभाई म्हणाले, "बाई, अम्मा नै रहे तो क्या हुआ, टेम्पो तो है ना." त्यांना रडू आवरत नव्हतं, तरी म्हणाले.

आज रविवार. आम्ही सगळे करमाडला गेलो होतो. विहिरीकडच्या तुकड्यातली ज्वारी थोडी पुढं आहे. ह्यांनी गुडघे दुखत असताना स्वतः जाऊन ओंजळभर कणसं आणली, कच्चीपक्की बघितली नाहीत. आगटीला मी बसले. गोवऱ्या एकदम पेटल्या, मग विझल्या, धूर डोळ्यांत गेला, कणसं एका बाजूनं करपली. संदीप म्हणाला, "मामी, उलटा, उलटा!" नातीनं माझ्या हातावर हात ठेवून चोळून दाखवलं, तुम्ही तिला शिकवलं होतं तसं, मनगटाकडून बोटांकडं. फुंकर मारली. सगळ्यांनी थोडा थोडा खाल्ला.

कोवळा होता, अजून थोडे दिवस हवे होते. पण गोड होता.